शब्दाचं शेपूट

‘आईने बाळाला हाक मारली’ आणि ‘आईला बाळाने हाक मारली’ ही दोन वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा. माणसं तीच, क्रियाही तीच. हाक कोणी मारली आणि कोणाला, हे ठरतं ‘ने’ आणि ‘ला’ या दोन अक्षरांवर. आणि बोलण्याच्या ओघात आपण नेमकी हीच दोन अक्षरं अर्धवट गिळतो. शब्दाच्या शेवटाकडे येईपर्यंत आवाज उतरलेला असतो. ऐकू येणाऱ्याचं त्याने काही अडत नाही. गिळलेलं शेपूट त्याचा मेंदू आपणहून जोडून घेतो, कारण अशी वाक्यं त्याने हजारो वेळा ऐकलेली असतात. जन्मापासून कमी ऐकू येणाऱ्या मुलाकडे ही शिल्लक नसते. त्याच्यापर्यंत पोचतं ते ‘आई… बाळ… हाक’ एवढंच.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत चौथीच्या वह्या चाळल्या की ही गळती कागदावर दिसते. ‘मी काल बाग गेला.’ ‘आई मला डबा दिली.’ ‘पुस्तक टेबल आहे.’ शब्दसंग्रह बरा असतो, अक्षर तर पुष्कळदा हेवा वाटावं इतकं सुरेख. गळतात ते प्रत्यय, लिंग, वचन. मग विभक्तीचा तक्ता फळ्यावर येतो. मूल तो घडाघडा पाठ लिहून दाखवतं आणि पुढच्या निबंधात पुन्हा ‘बाग गेला’ लिहितं. जे पहिल्या तीन वर्षांत कानावाटे, नकळत आत जायला हवं होतं, ते दहाव्या वर्षी डोळ्यांवाटे नियम म्हणून भरायला घेतलं की असंच होतं. चौथीतली ही चूक चौथीतली नसतेच.

यातला सगळ्यात नाजूक धागा म्हणजे ‘स’. ‘तू जेवलास का?’, ‘कुठे गेली होतीस?’, ‘काय खातेस?’ यांत समोरच्याला उद्देशून बोलल्याची खूण हा शेवटचा ‘स’ सांभाळतो. आणि ‘स’ हा आपल्या बोलण्यातला सगळ्यात पुसट आवाजांपैकी एक. त्याचा जोर ४००० हर्ट्‌झच्या वर असतो, आणि जन्मजात श्रवणदोषात बहुधा उंच पट्टीचं ऐकणंच जास्त गेलेलं असतं. हल्ली ऐकणारी मुलंही सर्रास ‘तू कुठे गेला होता’ म्हणतात, त्यामुळे कर्णबधिर मुलाने असं म्हटलं तर ती सवय आहे की त्याच्या श्रवणयंत्रातून ‘स’ पोचतच नाही, हे पटकन कळत नाही. तपासावं लागतं.

ओठ वाचून भागत नाही का, असं विचारलं जातं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘मामा’, ‘बाबा’, ‘पापा’ म्हणा. तिन्ही हुबेहूब सारखे. ‘दादा’ आणि ‘नाना’ यांचंही तेच, आणि ‘काका’ म्हणताना तर ओठ नुसते उघडे, क घशाशी होतो तो दिसतच नाही. म्हणजे अर्धा गोतावळा ओठांवर एकाच चेहऱ्याने फिरतो. उलट ‘काकी’ आणि ‘काकू’ पाहा. प्रत्येक स्वरात खालचे-वरचे सूर मिसळलेले असतात. ई आणि ऊ या दोन्हींचा खालचा सूर ३०० हर्ट्‌झच्या आसपास. फरक आहे तो वरच्या सुरात. ज्याला फक्त खालच्या पट्टीचं ऐकू येतं त्याच्या कानाला काकी आणि काकू एकच. ओठांवर मात्र एक पसरट, एक गोल. डोळा आणि कान एकमेकांची उणीव अशी भरून काढतात, पण कानाने काहीतरी आणून टाकलं तरच. शेवटचा ‘त’, शेवटचा ‘स’, ‘ला’ की ‘ने’ हे उतरत्या आवाजात ओठांवरही धड उमटत नाहीत.

म्हणून सुरुवात लवकर व्हायला हवी, आणि लवकर म्हणजे बालवाडी नव्हे. जगभर १-३-६ हा हिशेब धरला जातो: पहिल्या महिन्यात चाळणी (सगळ्या बाळांची प्राथमिक तपासणी), तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र आणि मार्गदर्शन सुरू. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या मुलांवरचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याचा मोठा आधार आहे. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. हजार जन्मांमागे एक ते तीन बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. बहुतेकांचे आईवडील ऐकू येणारे असतात, घरात आधी कोणाला हा त्रास नसतो, त्यामुळे शंका यायला वेळ लागतो. नात्यातल्या लग्नांमध्ये जोखीम वाढते. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे अजून नवलाची गोष्ट नाही.

चाळणीची तपासणी म्हणजे ओएई. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी बसवतात, यंत्र बारीक टकटक आवाज सोडतं, आणि कानाच्या आतला शंख, म्हणजे ऐकण्याचा अवयव, ठीक असेल तर तो उत्तरादाखल अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतो. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत कानात पाणी आणि चिकटा असतो, तेव्हा केलेली तपासणी उगाच नापास येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरी सोडण्याआधी केलेली बरी. नापास आली तर घाबरायचं कारण नाही, पण पुन्हा न करण्याचंही नाही. गळती होते ती इथेच. कागदावर ‘पुन्हा तपासा’ लिहिलेलं असतं आणि बारशाच्या गडबडीत तो कागद फाइलमध्ये जातो. दुसरी फट अशी की ओएई फक्त शंखापर्यंतचं सांगते. शंख ठीक पण पुढची नस संदेश नीट नेत नाही, असा दोष तिला दिसत नाही. अतिदक्षता विभागात राहिलेली, फार कमी वजनाची, कावीळ खूप चढलेली, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन मिळालेली बाळं असतील तर ओएई पास झाली तरी बेरा करूनच घ्यावी.

बेरा म्हणजे डोक्याला तीन-चार इलेक्ट्रोड चिकटवून आवाजाला मेंदूपर्यंतच्या वाटेवरून येणारी विजेची उत्तरं मोजणं. त्यासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं, आणि पुण्यात बेराचं खरं संकट हेच आहे. हडपसरहून निघालेलं बाळ रिक्षात फातिमानगरपर्यंत झोपतं, दवाखान्याच्या दारात टक्क जागं होतं, आणि मग दोन तास झोपत नाही. उपाय साधा आहे. सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठवायचं, वाटेत झोपू द्यायचं नाही (त्यासाठी सोबत दुसरं माणूस हवंच, एकट्या आईला हे जमत नाही), पोचल्यावर पोटभर पाजायचं आणि तिथल्या अंधाऱ्या खोलीत झोपवायचं. नाहीतर झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीतच.

घरच्या घरी होणाऱ्या तपासण्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. पाठीमागे थाळी वाजवली आणि बाळ वळलं, म्हणजे ऐकू येतं असं नाही. थाळीची सावली दिसते, हवा हलते, फरशीतून हादरा जातो. दार आपटलं की दचकणं, दिवाळीत फटाक्याला रडणं, हेही तसंच. खालच्या पट्टीचा मोठा आवाज ऐकू येणारं मूल प्रत्येक कसोटीला ‘पास’ होत राहतं आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ त्याच्या गावीही नसतात. बाळ सहा महिन्यांपर्यंत हुंकार देतं, आवाज काढतं, म्हणूनही गाफील राहायला होतं, कारण कर्णबधिर बाळंही सुरुवातीला तेवढे आवाज काढतात. दहाव्या महिन्याच्या आसपास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट साखळी यायला हवी. ती आली नाही तर वाट पाहू नये. ‘याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले’ या वाक्याने महाराष्ट्रात किती मुलांची किती वर्षं खाल्ली असतील, कोणास ठाऊक.

याच ठिकाणी ‘मूकबधिर’ या शब्दाबद्दल थोडं. अनेक जुन्या शाळांच्या पाट्यांवर तो आहे. टिळक रस्त्यावरच्या व्ही. आर. रुईया मूकबधिर विद्यालयाच्या नावातही आहे, आणि संस्थांची नावं अशी सहज बदलतही नाहीत. पण ही मुलं मूक नसतात. त्यांचा घसा, जीभ, आवाज सगळं शाबूत असतं. ऐकू न आल्यामुळे बोलणं अडतं, म्हणून ‘कर्णबधिर’. हा शब्दांचा शिष्टाचार वाटेल, पण ‘मूक’ म्हटलं की बोलण्याची अपेक्षाच संपते, आणि अपेक्षा संपली की मुलाशी बोलणंही कमी होतं.

निदान झालं की बहुतेक घरांचं लक्ष एका प्रश्नावर येऊन थांबतं: कुठलं मशीन? मशीन महत्त्वाचं आहेच. पण त्याहून आधी विचारावं, रोज किती तास? लहान मूल दिवसाचे साधारण १२ तास जागं असतं. चार तास मशीन लावलं तर ऐकणाऱ्या मुलाच्या एका वर्षाएवढं ऐकायला त्याला तीन वर्षं लागतील. आताची यंत्रं किती तास चालू होती याची नोंद स्वतःच ठेवतात, आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ती संगणकावर उघडतात तेव्हा घरात ‘दिवसभर लावतो’ म्हणजे किती, ते कळतं.

तास कमी होण्याची कारणं बहुधा क्षुल्लक असतात. पहिलं, साचा. कानाच्या आकाराचा मऊ सिलिकॉनचा साचा यंत्राला जोडलेला असतो. बाळाचा कान भराभर वाढतो आणि पहिल्या वर्षात साचा महिन्या-दोन महिन्यांनी सैल होतो. सैल साच्यातून आवाज बाहेर निसटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. घरचे शिट्टीला कंटाळून आवाज कमी करतात. शिट्टी थांबते, आणि मुलाचं ऐकणंही. अशा वेळी नवा साचाच हवा, आवाजाला हात लावायचा नाही. साच्याचं माप घेताना आधी कानात दोरा बांधलेला स्पंजचा बारीक बोळा बसवतात, मग पेस्ट भरून काही मिनिटं सुकू देतात. बाळ त्या वेळी रडलं तर जबडा हलतो आणि माप चुकतं. म्हणून माप बाळ झोपलेलं किंवा पीत असतानाचं उत्तम.

दुसरं, बॅटरी. नारिंगी पट्टीची १३ नंबरची आणि जास्त ताकदीच्या यंत्रासाठी निळ्या पट्टीची ६७५. या बॅटऱ्या हवेवर चालतात. पट्टी काढली की हवा आत जाते आणि वापरली नाही तरी ती उतरू लागते. पट्टी काढल्यावर एखादा मिनिट उघडी ठेवून मग बसवावी. पट्ट्या आधीच काढून डबीत साठवलेल्या बॅटऱ्या न वापरताच मेलेल्या निघतात. आणि लहान मुलाच्या यंत्राचं बॅटरीचं दार कुलपाचंच घ्यावं. गिळलेली बॅटरी ही थांबून बघण्याची गोष्ट नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

तिसरं, पाऊस. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत साच्याच्या नळीत पाण्याचा थेंब धरतो आणि तेवढा एक थेंब सगळा आवाज अडवतो. साचा यंत्रापासून सोडवून रबरी फुग्याने नळीत हवा मारायची. रात्री बॅटरी काढून, दार उघडं ठेवून, यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. दाण्यांचा रंग पालटला की ते बदलायचे. साचा साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा, पण यंत्राला जोडलेला असताना कधीच नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने शंखात इलेक्ट्रोड बसवून ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र. त्याबद्दल एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे: शस्त्रक्रिया झाली की मूल बोलायला लागतं. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं यंत्र सुरू करतात, आणि त्या दिवशी बहुतेक मुलं रडतात किंवा नुसती स्तब्ध होतात. त्या दिवसापासून त्यांचं ऐकण्याचं वय मोजायचं. चार वर्षांचं मूल, ऐकण्याचं वय सहा महिने, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा. पुढे मॅपिंगच्या फेऱ्या, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज हे ठरवणं, पहिल्या वर्षात अनेकदा होतात. केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून जन्मजात कर्णबधिर मुलाला इम्प्लांट मिळण्यासाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि मेंदूच्या दृष्टीने तीही उशिराचीच. साधारण साडेतीन वर्षांच्या आत ऐकण्याची वाट सुरू झाली तर ती नेहमीसारखी घडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मेंदूज्वरानंतर बहिरेपण आलं असेल तर घाई याहून मोठी, कारण शंखाच्या आत हाड भरत जातं आणि इलेक्ट्रोड सरकवायला जागा राहत नाही. खर्चाची दुसरी बाजूही आधीच ऐकून ठेवावी. योजना शस्त्रक्रिया आणि यंत्र देते, पण हमीचा काळ संपल्यावर तुटलेली वायर, कॉइल, बॅटऱ्या, पुढे कधीतरी नवा प्रोसेसर हे घरावर येतं. वायर तुटली म्हणून महिना-महिना बंद पडलेली इम्प्लांट्स आहेत. पैसे जमेपर्यंत मूल पुन्हा शांततेत.

यंत्र चालू आहे हे दिव्यावरून कळतं, ऐकू येतंय का हे नाही कळत. त्यासाठी रोज सकाळी दोन मिनिटांची, डॅनियल लिंग या तज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी सहा आवाजांची चाचणी: म, ऊ, आ, ई, श, स. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा बोलण्याचा सगळा पल्ला या सहांत येतो. मुलाच्या बाजूला किंचित मागे बसायचं. तोंडापुढे तळहात धरायचा नाही, त्याने ‘स’ आणि ‘श’ दबतात. आवाज नेहमीचा. आवाज आला की मुलाने डब्यात एक मणी टाकायचा. क्रम रोज बदलायचा, आणि मध्ये कधी दोन, कधी सात सेकंद थांबायचं. ठरावीक लयीत बोललं तर मूल लयीवर मणी टाकतं, आवाजावर नाही. आधी जवळून, मग एक मीटर, मग तीन मीटर. काल तीन मीटरवरून ‘श’ आला आणि आज नाही, तर बॅटरी, मग साच्यातला मळ, मग सर्दी, या क्रमाने बघायचं. सर्दीत कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की ‘म’ आणि ‘ऊ’सुद्धा मंदावतात.

मग उरतं ते बोलणं, आणि इथे अंतराचा हिशेब आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. कडेवरच्या मुलाचा कान आईच्या तोंडापासून २० सेंटीमीटरवर असतो. ती ओट्याशी आणि मूल दीड-पावणेदोन मीटरवर दाराशी असेल तर अंतर तीनदा दुप्पट झालं, आवाज १८ डेसिबल खाली. बोलण्यातल्या सगळ्यात ठळक आणि सगळ्यात पुसट आवाजांत साधारण ३० डेसिबलचा फरक असतो. म्हणजे दाराशी ‘बाळ’ पोचतं आणि ‘ला’ वाटेतच राहतं. मिक्सर चालू असताना बोलूच नये. कुकरच्या शिट्टीआधी वाक्य पूर्ण करावं किंवा शिट्टीनंतर सुरू करावं. आणि शिट्टीचंही बोलावं: ‘ऐकलंस? कुकर वाजला.’

बोलायचं काय, याचं उत्तर पोळ्यांच्या परातीत आहे. कणीक मळताना, गोळा करताना, लाटताना, तव्यावर टाकताना तीच पाच-सहा वाक्यं रोज येतात, त्याच क्रमाने, त्याच वस्तूंसोबत. ‘फुगली! बघ, पोळी फुगली.’ असं रोज दहा-बारा वेळा, आणि तेही खऱ्या क्षणी. चित्रांच्या कार्डांवर ‘ही काय? पोळी. म्हण, पोळी’ करून हे होत नाही. ‘म्हण-म्हण’ हा कर्णबधिर मुलांच्या घरातला साथीचा रोगच आहे. मूल पोपटासारखं ‘पोळी’ म्हणायला शिकतं, पण भूक लागली की बोटच दाखवतं. त्यापेक्षा एक वाक्य बोलून थांबावं, मनात दहा अंक मोजावे, चेहऱ्यावर ‘पुढे काय?’ ठेवावं. बहुतेक मोठ्यांना तीन अंकांपुढे दम धरवत नाही.

शेपटांसाठी वेगळी युक्ती लागते: विरोधात ठेवणं. एक बटाटा, एक वाटी. ‘बटाटा वाटीत.’ ‘आता वाटीखाली.’ ‘वाटीवर!’ वस्तू त्याच, बदलतं ते फक्त शेपूट, त्यामुळे कानाला तिथेच लक्ष द्यावं लागतं. ‘दादाला दे’, ‘दादाकडून घे’, ‘दादाची चप्पल’, ‘दादाने लपवली’ हा खेळ घरातल्या चार माणसांत जेवायच्या वेळेपर्यंत चालतो. लिंगासाठी पाडापाडी: ‘चेंडू पडला’, ‘वाटी पडली’, ‘पुस्तक पडलं’. आणि ‘स’साठी प्रश्न: ‘लाडू खाल्लास?’ हे ‘स’ खेचून, ओरडून म्हणू नये. ओरडलं की स्वर फुगतात आणि व्यंजनं त्याखाली बुडतात. जवळ जाऊन, किंचित सावकाश, शेवट न गिळता म्हणणं पुरतं. भोंडल्याची खिरापत ओळखणं हा तर आयता ऐकण्याचा तास आहे. डबा कानाशी हलवा, खुळखुळतं की धपधपतं, ओलं की कोरडं, गोड की तिखट? याच सणांतली दुसरी बाजू म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरचे ढोल-ताशे आणि स्पीकरच्या भिंती. त्यांच्या समोर यंत्र काढून खिशात ठेवावं, आणि गल्ली ओलांडली की पुन्हा लावावं. दुसरा भाग विसरला जातो.

चांगला शीघ्र शिक्षणवर्ग, म्हणजे अगदी लहान वयात सुरू होणारा वर्ग, मुलाइतकाच आईला, आजीला, सांभाळणाऱ्या मावशींना शिकवतो. चेन्नईचं बालविद्यालय १९६९ पासून तीन वर्षांखालच्या मुलांना घेतं आणि पालकाने वर्गात बसणं हा तिथे शिक्षणाचाच भाग आहे. पुण्यात असा वर्ग निवडताना एकच बघावं: ताई मुलाला शिकवतात आणि आई बाहेर बाकावर फोन बघते, की आई चटईवर आणि ताई बाजूला? आठवड्यातला एक तास ताईंचा, उरलेले ऐंशी जागे तास घराचे. ज्या वर्गात घर बाहेर बाकावर आहे, तिथली फी वाया जाते, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

बालवर्गात आठ-दहा मुलं अर्धवर्तुळात बसतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. ताईंनी खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहरा काळा दिसतो. सगळ्यात कसाचं काम संभाषणाच्या पाठात असतं. भिजलेला रेनकोट दाखवत मुलगी म्हणते, ‘पाणी!’ तिला काय म्हणायचंय ते ताई पकडतात आणि तिच्या वतीने पूर्ण वाक्य म्हणतात, ‘मी पावसात भिजले!’ मग स्वतःच्या वतीने उत्तर, ‘अगं, रेनकोट घातला नव्हतास का?’ दुसरा मुलगा हसतो, त्याचंही वाक्य होतं. दहा मिनिटांनी हे सगळं, कोण म्हणालं त्याच्या नावासकट, फळ्यावर आणि मग कागदावर उतरतं. उद्याचा वाचनपाठ तो. इथे ‘पावसात’चं ‘त’ आणि ‘नव्हतास’चं ‘स’ पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं, आणि ते तिचं स्वतःचं वाक्य असतं. जोडीला घरची अनुभवाची वही: पीएमपीच्या बसचं तिकीट, दुधाच्या पिशवीचा कोपरा, मंडईतल्या मटारची शेंग चिकटवलेली, खाली दोन ओळी. रंगीत छापील पुस्तकांपेक्षा ही वही जास्त फाटते, आणि तेच तिच्या वापराचं प्रमाण.

खोलीचाही विचार हवा. शहाबादी फरशी, उंच छत, उघड्या भिंती अशा पेठेतल्या वर्गात आवाज घुमतो. घुमणं म्हणजे आधीच्या ठळक स्वराचा प्रतिध्वनी पुढच्या पुसट व्यंजनावर पडणं. म्हणजे पुन्हा शेपूटच झाकलं जातं. शिक्षकाचा आवाज मुलाच्या कानापाशी गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर असावा, अशी शिफारस आहे. पंखा, रस्ता आणि चाळीस मुलं असलेल्या वर्गात मागच्या बाकावर तो गोंगाटाच्याही खाली जातो. सतरंज्या, जाड पडदे, भिंतीवर सॉफ्टबोर्ड, बाकांच्या पायांना कापलेले जुने टेनिस बॉल, एवढ्यानेही फरक पडतो. शिक्षकाच्या गळ्यातला माइक जो थेट यंत्रात आवाज पाठवतो, तो याहून पुढचा उपाय, आणि महागही.

खुणांचं काय? १८८०मध्ये मिलानच्या परिषदेने शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि त्याचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी उचललं. भारतात भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली दिल्लीत स्थापन झालं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. आपल्याकडे अजूनही ती ‘बोलणं जमलं नाही तर’ म्हणून ठेवलेली असते, आणि हे फार चुकीचं आहे. ज्या मुलाला यंत्रातून पुरेसं मिळत नाही, उशीर झालाय, नसच नीट नाही, त्याला भाषा आजच हवी. दोन वर्षं बोलण्याची वाट बघून मग खुणा दिल्या तर ती दोन वर्षं भाषेविनाच जातात. आणि मजा बघा, ज्या ‘ने’ आणि ‘ला’साठी एवढा खटाटोप, ते खुणांमध्ये जागेने साधतं. ‘देणे’ची खूण देणाऱ्याच्या दिशेकडून घेणाऱ्याच्या दिशेकडे सरकते. कर्ता आणि कर्म हाताच्या वाटेतच असतात. ज्याला हे हातात कळलं आहे, त्याला मराठीच्या लिखित ‘ने-ला’चा अर्थ समजावणं सोपं जातं, कारण कोणी-कोणाला ही कल्पना आधीच पक्की असते. फक्त घरच्यांनीही खुणा शिकायला हव्यात. नाहीतर मूल सुट्टीत घरी आलं की पुन्हा एकटं.

नेहमीच्या शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे आणि ते चांगलंच आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही त्याच बाजूचा आहे. परीक्षेत जादा वेळ आणि भाषांमध्ये सवलत मिळते, त्यासाठी प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावं. रोजच्या वर्गात मात्र अडचणी लहान आणि नेमक्या असतात. पहिला बाक चांगला असं वाटतं, पण तिथून मागे बोलणारी मुलं दिसत नाहीत. दुसरा बाक, एका कडेला, जास्त ऐकू येणारा कान वर्गाकडे, हे बरं. बाई फळ्याकडे वळून बोलल्या की ओठ गेले आणि आवाजही भिंतीवर गेला. म्हणून आधी लिहावं, मग वळून बोलावं. ‘समजलं का?’ असं विचारलं तर मूल हमखास मान डोलावतं. ‘आता काय करायचंय, सांग’ असं विचारलं की खरं कळतं.

आणि श्रुतलेखन. कर्णबधिर मुलासाठी ती शुद्धलेखनाची परीक्षा राहत नाही, ऐकण्याची होते, आणि तीही नेमकी शेपटांची. सुटे शब्द न सांगता पूर्ण वाक्य सांगावं, समोर उभं राहून, चालत-चालत नाही, आणि तेच वाक्य दोनदा. वहीत ‘मी बागे गेलो’ आलं तर लाल रेघ मारण्याआधी सकाळी त्याचं ‘स’ आणि ‘श’ कोणी तपासलं होतं का, बॅटरी कधी बदलली होती, हे एकदा विचारून घ्यावं.